विकायला काही नसलेलं घर

गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर शेंगा सोलत बसायचं, तोंड रस्त्याकडे करायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "का हो, आज उशीर?" एवढंच विचारायचं. बाकीचं माणसं आपणहून टाकून जातात. सरोदे मॅडमच्या तर माझ्याकडे इतक्या साठल्या आहेत, की एक सांगायला घेतली की तिचं शेपूट धरून दुसरी निघते.

गल्लीत मला चौकशी खातं म्हणतात. म्हणू द्या. आमचे हे रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला गेले की दहा-बारा दिवस तोंड दिसत नाही. पोरगा नितीन तेव्हा नाशकाला शिकत होता. जळगावच्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाला काय विचारणार?

मॅडम धुळ्याची नोकरी सोडून आमच्या शेजारच्या घरात भाड्याने आल्या, एकट्याच. चाळिशीच्या आसपासच्या, लग्न केलेलं नाही, सामान एका टेम्पोत मावलं आणि टेम्पो अर्धा रिकामा होता. मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी. कंपनीने नवेनवे कॉम्प्युटर घेतलेले. त्यातली माहिती कोणी चोरू नये, ती बिघडू नये, म्हणून बाहेरची जी माणसं लागतात त्यांची कंत्राटं मॅडमकडे. व्हायरस मारणारे वेगळे, खोलीला कुलपं बसवणारे वेगळे, लाइट गेली तरी मशीन चालू ठेवणारे बॅटरीवाले वेगळे. कोणाला घ्यायचं, किती वर्षांसाठी, काम नीट केलं नाही तर दंड काय, सगळं या बाईने बघायचं.

"म्हणजे राखण करता," मी म्हटलं.

"राखण ते करतात. मी राखणदारांवर राखण करते."

मी सातवी पास. पण मला एवढं कळलं, की हिला दिवसभर खूप जण नमस्कार करत असणार, आणि संध्याकाळी कोणीच नाही.

*

पहिला किस्सा व्हायरसचा. पुण्याहून एक सेल्समन आला होता. मे महिना, जळगावचं ऊन, आणि याच्या गळ्यात टाय. त्याच्या फ्लॉपीत व्हायरस पकडायचं औषध होतं. मॅडमनी त्याला एक मशीन दिलं. त्याने फ्लॉपी घातली, बटणं दाबली, आणि थोड्या वेळाने पडद्यावरची अक्षरं झाडाची पानं गळावीत तशी एकेक करून खाली पडायला लागली.

सेल्समन खूश. म्हणाला, बघा मॅडम, तुमच्याकडे केवढा मोठा व्हायरस आहे, बरं झालं मी आलो.

मॅडम म्हणाल्या, हे मशीन आज सकाळीच खोक्यातून काढलंय. आतापर्यंत त्यात फक्त तुमची फ्लॉपी गेली आहे.

त्याने टाय सैल केला म्हणे. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचं औषध चांगलं दिसतंय. पण आजारही तुम्हीच आणणार असाल, तर दोन्हीचं मिळून एकच कोटेशन द्या."

त्याला पुढच्या वर्षी काम मिळालं. मधल्या काळात तो आधी स्वतःची फ्लॉपी तपासायला शिकला, असं मॅडम सांगत.

*

रावेरकडचे एक बॅटरीवाले भाऊ होते. मोठा गोड माणूस. कोटेशन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या ओट्यावर केळीचा अख्खा घड ठेवून गेले. मॅडम ऑफिसमधून आल्या, घडाकडे बघत उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, अहो आमच्याकडे केळीला कोणी भेट म्हणत नाही. केळी म्हणजे पाणी. पाहुण्याला द्यायची, गाईला द्यायची, उरली तर परत पाहुण्याला द्यायची.

मॅडमना पटलं नाही. परत पाठवावी, तर भाऊ निघून गेलेले. ठेवावी, तर पिकणार. मग त्यांनी रिक्षा बोलावली, घड कंपनीत नेला आणि गेटवर टांगला. वर पाटी लावली: 'सर्वांसाठी. अमुक पार्टीकडून, ज्यांचं कोटेशन विचाराधीन आहे.'

आता असं लिहिल्यावर केळ्याला हात कोण लावणार? कामगार येता-जाता पाटी वाचायचे आणि हात खिशात घालायचे. केळी पिवळी झाली, मग ठिपके आले, मग काळी झाली. शेवटी वॉचमनची बकरी दोरी तोडून आली आणि तिने बसल्या बैठकीला अर्ध्या फण्या संपवल्या.

मोठ्या साहेबांनी मॅडमना चिडवलं, की तुमच्या गेटवर बकरीने लाच खाल्ली. मॅडम म्हणाल्या, "तिच्या हातात सही नाही."

*

हे असं वागणं कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. धुळ्याला पहिल्या नोकरीत त्यांनी एका सप्लायरबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घेतला होता. उघड्यावर, चार माणसांत. त्याचा दर सगळ्यांत कमी, म्हणून काम त्याला मिळालं. आठवडाभरात ऑफिसमध्ये दोन गोष्टी फिरायला लागल्या. एक पैशाची, आणि दुसरी तुम्हाला कळली असेल.

"पुरुषाने चहा घेतला तर एकच गोष्ट होते, अक्का," त्या म्हणाल्या. "बाईच्या कपात दोन मावतात."

तेव्हापासून ज्याचं कोटेशन आलं आहे किंवा येऊ शकतं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आता आपल्याकडे बघा, कोणाचा मेहुणा बॅटऱ्या विकतो, कोणाच्या दिराचं इलेक्ट्रिकचं दुकान, कोणाचा जावई पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. असं मोजायला लागलं तर बसायला घर उरत नाही. धुळ्याला त्यांची शाळेपासूनची मैत्रीण होती. तिच्या नवऱ्याने स्टॅबिलायझरची एजन्सी घेतली, आणि मॅडमनी तिच्याकडे जाणं सोडलं. हळदीकुंकवालाही गेल्या नाहीत. पुढे त्याचं कंत्राट संपलं, त्याने धंदाच बदलला. त्या संक्रांतीला मॅडम तिळगूळ घेऊन गेल्या. मैत्रीण दारातच म्हणाली, आता आमचं काही कोटेशन नाही म्हणून आलीस का?

"तिळगूळ घेतला तिने," मॅडम म्हणाल्या. "आत ये म्हणाली नाही."

मी भाकरी थापत राहिले. तोवर त्या रोज संध्याकाळी माझ्याकडेच जेवायला लागल्या होत्या. महिन्याला ज्वारी आणि तेल आणून टाकायच्या, त्यावर वाद घालू द्यायच्या नाहीत. चुलीजवळ पाट घेऊन बसायच्या आणि दिवसभराचं बोलून घ्यायच्या. एकदा मीच विचारलं, गल्लीत इतकी घरं असताना माझ्याकडेच का?

"तुमच्याकडे विकायला काहीच नाही, अक्का. म्हणून मी इथे बसते."

दुसरी एखादी बाई रुसली असती. मी घरभर नजर फिरवली. खरंच काही नव्हतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

*

कंत्राटात एक कलम असायचं, की बिघाड कळवल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत इंजिनिअर हजर पाहिजे, नाहीतर दंड. एकदा मशीन बंद पडलं, पुण्याला फोन गेला. इंजिनिअर रात्रभर गाडीत उभा राहून सकाळी जळगावला उतरला, आणि कंपनीला नेमकी साप्ताहिक सुट्टी. गेटवर कोणी सही देईना. बिचारा पत्ता शोधत मॅडमच्या घरी आला, तर मॅडम बाजाराला गेलेल्या.

तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. कावलेला चेहरा. म्हणाला, मावशी, मी वेळेत आलो याला साक्षीदार कोणी नाही, दंड माझ्या पगारातून कापतील. मी आधी त्याला आत घेतलं. मग तो म्हणाला, या कागदावर तुम्हीच लिहून द्या.

मला कंपनीचं काय लिहायचं ते कळेना. जे बघितलं ते लिहिलं आणि खाली सही केली. 'माणूस वेळेवर आला. भुकेला होता. वरण-बट्टी खाल्ली. आता झोपला आहे.'

मॅडम आल्या, कागद वाचला. मला वाटलं, फाडतात. तर त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला. दंड झाला नाही. हिशेबाच्या माणसाने हा काय प्रकार म्हणून विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, अख्ख्या फाइलमध्ये खोटं वाटू नये असा हा एकच कागद आहे.

मी त्यांना विचारलं, त्या पोराने माझ्याकडे खाल्लेलं चालतं का? म्हणाल्या, त्याने खाल्लेलं चालतं, त्याने तुम्हाला खाऊ घातलं असतं तर नसतं चाललं. मग हसल्या आणि उरलेली बट्टी त्यांनी खाल्ली.

*

केळीवाल्या त्याच भाऊंनी हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी ठेवली. आपल्याकडे थंडी पडली की कोणी ना कोणी ठेवतंच. फैजपूरच्या बाजूला त्यांचं शेत, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. कंपनीचं सगळं डिपार्टमेंट जीपमध्ये बसून गेलं. मोठे साहेबही गेले. मॅडम तेवढ्या राहिल्या.

जीप आमच्याच गल्लीतून गेली, गाणी म्हणत. मॅडम खिडकीत उभ्या होत्या. मी बघितलं आणि आत जाऊन वांगी भाजायला घेतली. काड्या कुठून आणणार, गोवऱ्यांवर भाजली. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. त्या आल्या, जेवल्या, आणि शेवटी म्हणाल्या, धूर कमी आहे, पण गाडीभाडं वाचलं.

सोमवारी भाऊ ऑफिसला आले ते पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आल्या नाहीत, तेव्हाच समजलो की माझं काम गेलं."

मॅडमनी कंत्राट त्यांच्यापुढे सरकवलं. "आले असते तर गेलं असतं."

*

आता धुळ्याच्या टेपचं सांगते. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या माहितीची एक नक्कल टेपवर उतरवायची आणि ती दुसऱ्या गावी ठेवायची, असा कंपनीचा नियम झाला. म्हणजे इकडे आग लागली, पूर आला, तरी तिकडे सगळं शाबूत. मॅडमनी कोटेशनं मागवली. खानदेशात असं काम करणारं कोणी नव्हतंच, आणि मुंबईच्या पार्टीने जो दर सांगितला त्यात दुसरा कॉम्प्युटर आला असता. तेव्हा दुसरी सोय होईपर्यंत टेप धुळ्याला मॅडमच्या आईकडे ठेवायची ठरली. दर शनिवारी मॅडम नवी टेप घेऊन एसटीने जायच्या आणि जुनी घेऊन यायच्या.

म्हातारी पक्की अहिराणी बोलणारी. तिने विचारलं, हे काय? मॅडमनी समजावलं, की यात सगळी कंपनी आहे. म्हातारी म्हणाली, "कंपनीनं बठ्ठं यामा शे ना? मंग देवजोडेच ऱ्हाऊ दे." आणि टेप देव्हाऱ्यात ठेवली. रोज देवांबरोबर तिलाही हळदकुंकू.

पुढे मुंबईहून तपासणीला माणूस आला. त्याने टेप उलटीसुलटी करून बघितली. "मॅडम, हे लाल काय लागलंय?"

"इन्शुरन्स."

हा किस्सा मॅडम कोणालाही सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. मग एका पावसाळ्यात म्हातारी गेली. दिवस वगैरे उरकून मॅडम परत आल्या आणि त्या शनिवारी पुन्हा पिशवी घेऊन स्टँडला निघाल्या. मी ओट्यावरून विचारलं, आता धुळ्याला घरी कोण आहे?

"मागच्या खेपेची टेप."

मी त्यांना थांबवलं आणि दोन दशम्या जास्त बांधून दिल्या. एकटीला इतक्या कशाला, असं त्यांनी विचारलं नाही.

*

मग आमचा नितीन परत आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स झालेला. बळीराम पेठेच्या बाजूला एक छोटा गाळा भाड्याने घेतला, दारावर पाटी रंगवली. गिऱ्हाईक येईना. सगळे म्हणायचे, आधी कुठे काम केलंय ते दाखवा. आणि काम दिल्याशिवाय दाखवणार काय?

एका संध्याकाळी मॅडम जेवत होत्या. मी वाढता वाढता म्हटलं, आमच्या नितीननेही टाकलंय बरं का कोटेशन तुमच्या कंपनीत. वर्षभर मशीनं सांभाळायचं आणि व्हायरसचं. सांगताना जीभ पुढे गेली, अक्कल मागून आली.

मॅडमचा हात ताटातच राहिला. मग त्यांनी विचारलं, "पत्ता कुठला दिलाय?"

"इथलाच."

"बरं."

पुढची भाकरी त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. उठल्या, ताट स्वतः घासून पालथं घातलं. इतक्या वर्षांत मी त्यांना ते करू दिलं नव्हतं, त्या दिवशी मला अडवताही आलं नाही. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "येते, चौधरीबाई."

मी चौधरीच आहे. पण या घरात मला त्या नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वाटीभर शेवभाजी घेऊन भिंतीशी गेले. खिडकीतून म्हणाल्या, नको, केलंय. भिंतीपलीकडून त्यांच्या स्टोव्हचा आवाज यायचा. एका माणसाचा स्वयंपाक किती लवकर होतो, ते मला तेव्हा कळलं. स्टोव्ह पेटला की बंद.

कोपऱ्यावरची एक बाई मला म्हणाली, इतकी वर्षं खाऊ घातलंस, आता वसूल कर की, पोराचं काम होऊन जाईल. मी त्या दिवसापासून तिच्याकडून विरजण आणणं बंद केलं.

नितीनला म्हटलं, बाबा रे, तुझं कोटेशन काढून घे. जगात एवढी एकच कंपनी आहे का?

तो पाटावरच बसून होता. म्हणाला, "आई, तुला गप्पा मारायला दुसरी कोणी मिळेल. मला दारात तरी कोण उभं करतंय?"

यांना विचारलं, तर हे दिल्लीहून नुकतेच आलेले, डोळे लाल. म्हणाले, दोघंही आपलेच आहेत, तू मधे पडू नको. आणि झोपले. मधे पडू नको म्हणजे काय? मी मधेच तर होते. एका बाजूला पोटचा पोरगा, एका बाजूला चुलीजवळचा रिकामा पाट. पाट मी उचलून ठेवला नाही. येता-जाता पायाला लागायचा.

*

आता शेवटचं. नितीनला ते काम मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. त्याचा दर जास्त होता. दुसरीकडचं काम त्याला पुढे मिळालं, आता बरं चाललंय. आणि कोटेशनं उघडली त्या दिवसानंतर कंत्राटांच्या टेबलाशी मॅडमची खुर्चीही राहिली नाही. मोठ्या साहेबांनी त्यांना दुसरं काम दिलं, पगार तोच, पण नमस्कार करणारी माणसं गेली.

मी तिथे नव्हते. नितीन घरी आला, चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि त्याने हे मला सांगितलं.

वर्षाच्या सगळ्या कामांच्या कोटेशनची पाकिटं एकदम उघडायची होती. सगळ्या पार्ट्यांना समोर बसवलं होतं. पुण्याचा सेल्समन, बॅटरीवाले भाऊ, आणखी दोघं-तिघं, आणि शेवटच्या खुर्चीवर नितीन. टेबलाच्या पलीकडे मोठे साहेब, हिशेबाचा माणूस आणि मॅडम. साहेबांनी पहिलं पाकीट हातात घेतलं, आणि मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी यातून बाजूला होते. समोरच्या एका पार्टीशी माझं नातं आहे.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्या बाईने केळं खाल्लं नाही तिचं नातं! साहेबांनी विचारलं, कोणाशी? मॅडमनी नितीनकडे हात केला.

साहेबांनी त्याच्या पाकिटावरचं नाव वाचलं. हा चौधरी, त्या सरोदे. हा जळगावचा, त्या धुळ्याच्या. म्हणाले, "नातं काय?"

"याच्या आईकडे मी जेवते."

साहेब हसले. मग भाऊ हसले, मग सगळेच. साहेब म्हणाले, "याला नातं म्हणत नाहीत, मॅडम. बसा खाली."

मॅडम बसल्या नाहीत.

"माझ्याकडे दुसरं नाही, साहेब."